गायरानावरील सौरप्रकल्प आणि भूमिहीनांचा वाटा : स्वच्छ ऊर्जेच्या राज्यधोरणाचा अभ्यास

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर एक नवा विषय दिसू लागला आहे. गावाच्या गायरानातील अमुक इतके हेक्टर क्षेत्र सौरऊर्जा प्रकल्पासाठी उपलब्ध करून देणे, असे त्याचे शब्द असतात. विषय बहुधा शेवटी येतो, सभा उठण्याच्या घाईत वाचला जातो आणि सूचक-अनुमोदकांची नावे लिहून मंजूर होतो. आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरांचा त्या गायरानाशी जुना संबंध आहे. कोणाच्या आजोबांनी तेथील दगडगोटे वेचून दोन एकर ज्वारीची पट्टी तयार केली, तर कोणाच्या आईच्या शेळ्या आजही तेथेच चरतात. स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहिण्याचे ठरले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला, तो या कारणाने.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाच्या विजेने चंद्रपूर, कोराडी, परळी येथील माणसांच्या फुफ्फुसांत काय साठवले, हे त्या भागातून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. सूर्याची वीज हवीच. प्रश्न एवढाच की, एखादी वस्तू स्वच्छ असली म्हणजे ती आपोआप न्याय्य होते काय? गायरानावर उभ्या राहिलेल्या एका पॅनेलची काच कोणत्या वाळूपासून झाली, त्याची ॲल्युमिनियमची चौकट कोणत्या डोंगरातून आली, त्यातील सिलिकॉन कोणी वितळवले, ते उन्हात कोणी उभारले, ज्या जमिनीवर उभारले ती कोणाची होती, आणि पंचवीस वर्षांनी ते फुटके पॅनेल कोणाच्या हातांनी मोडले जाणार आहे, या सर्व दुव्यांची मिळून जी मालिका होते तिला पुरवठा साखळी म्हणतात. साखळीतील प्रत्येक दुव्यावर माणूस उभा असतो. तो माणूस धोरणाच्या कागदावर दिसतो की नाही, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच खात्याकडे वीज आणि पाटबंधारे हेही विषय होते, याची उजळणी क्वचितच होते. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या धोरण समितीपुढे २५ ऑक्टोबर १९४३ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा विचार दारिद्र्यमुक्तीचे साधन म्हणून केला. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय शेतीवर तुंबलेल्या माणसांची सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज खाजगी मालकीची असावी की शासनाच्या, हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी समितीपुढे ठेवला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९४३ मध्ये, ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले. खाणीत उतरून त्यांनी मजुरांचे काम पाहिले, त्यांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवावयाचा आणि त्या पैशातून खाणमजुरांची घरे, आरोग्य, शिक्षण यांची सोय करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. या उपकराकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ऊर्जेच्या किमतीतच, अगदी पहिल्या दुव्यावरील मजुराचा वाटा धरला गेला होता. त्यासाठी कोणाच्या दानशूरपणाची वाट पाहिली गेली नाही. पुढे आपण सौरऊर्जेचा हिशेब मांडू तेव्हा या तत्त्वाची पुन्हा गरज लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला, त्यातून राज्य वीज मंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० चे. २००३ च्या कायद्यानंतर, २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या शासकीय कंपन्या झाल्या. वीज हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर अधिकार आहे. जमीन मात्र राज्याच्या सूचीतील विषय आहे. आयातशुल्क किती असावे, कोणत्या कारखान्याची पॅनेले मान्य यादीत घालावीत, हे दिल्ली ठरवते. पण प्रकल्पाला जमीन कोणत्या अटीवर द्यावी, निविदेत काय लिहावे आणि वीज कोणत्या करारान्वये विकत घ्यावी, हे मुंबईत ठरते. त्यामुळे न्याय्य वाट्याची मागणी कोठे करावयाची याबद्दल संभ्रम नसावा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना

महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, विस्तारलेली आवृत्ती आणली. कल्पना सोपी आणि चांगली आहे. शेतीपंपांना आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसाला साप चावतो, पाय घसरून विहिरीत पडतो. ही खेड्यातील ऐकीव कथा नव्हे, प्रत्येक तालुक्याची नोंद आहे. आणि हे रात्रीचे दारे धरणारा नेहमी मालकच असतो असे नाही. पुष्कळदा तो सालगडी असतो. शेतीच्या फीडरजवळच, उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत, सौरप्रकल्प उभारून दिवसा थेट त्या वाहिनीला वीज द्यावयाची, म्हणजे रात्रीची पाळीच संपेल, असा योजनेचा गाभा आहे. अशा प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून महावितरणचाही भार हलका होतो. दुसऱ्या आवृत्तीचे लक्ष्य १६,००० मेगावॉट एवढे मोठे आहे. तिच्यातील पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात, धोंदलगाव येथे सुरू झाला.

येथपर्यंत सर्व काही स्वागतार्ह आहे. आता जमिनीचे कलम पाहू.

एखाद्या शेतकऱ्याने आपली खाजगी जमीन प्रकल्पाला दिली तर त्याला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये, किंवा रेडी रेकनरप्रमाणे येणाऱ्या किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. पडीक, मुरमाड जमिनीला एवढे उत्पन्न स्वप्नातही मिळाले नसते. ज्या शेतकऱ्यांना ते मिळाले त्यांचे आम्ही अभिनंदनच करतो. गायरानासारखी शासकीय जमीन मात्र प्रकल्पासाठी नाममात्र भाड्याने दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण १५ लाख रुपये, विकासकामांसाठी अनुदान मिळते.

या दोन कलमांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. पाच हेक्टर खाजगी जमीन असेल, तर वार्षिक वाढ धरलीच नाही तरी वर्षाला सव्वासहा लाख आणि पंचवीस वर्षांत १ कोटी ५६ लाख २५ हजार रुपये मालकाच्या हाती येतात. तेवढीच पाच हेक्टर जमीन गायरानातून गेली, तर गावाच्या हाती तीन वर्षांत १५ लाख येतात आणि चौथ्या वर्षापासून काही नाही. ते १५ लाखही गटार, रस्ता, सभागृह यांत जातात. ज्यांची चराई गेली, ज्यांची कसलेली पट्टी गेली, त्यांच्या नावाने या हिशेबात रकानाच नाही. योजनेत कोणी दुष्टपणा केला असे आम्हांस म्हणावयाचे नाही. मालकाला भाडे द्यावयाचे, एवढाच विचार करणाऱ्या कोणत्याही धोरणात भूमिहीन माणूस आपोआप अदृश्य होतो. गायरान अधिकाऱ्याच्या नकाशावर 'मोकळे' दिसते, एवढे त्याला पुरते.

मोकळी न दिसणारी जमीन

ते मोकळे नव्हते, याचा इतिहास आपल्या चळवळीत लिहिलेला आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. डिसेंबर १९६४ ते फेब्रुवारी १९६५ या काळात तो देशव्यापी झाला आणि लाखो स्त्री-पुरुषांनी अटक करवून घेतली. पडीक आणि शासकीय जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे कराव्यात, ही त्यातील मुख्य मागणी होती. त्या लढ्याच्या दीर्घ परिणामांपैकी एक म्हणजे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासननिर्णय. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील, अनुसूचित जाती-जमाती व भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात झाली. १४ एप्रिल ही सीमारेषा कोणत्या दिवसाची आठवण आहे, हे या वाचकवर्गाला सांगावयास नको.

शासननिर्णय झाला, पण सर्वांच्या नावे सातबारा झाला नाही. कित्येक कुटुंबांचे अर्ज तहसीलमध्ये पडून राहिले. पिढी बदलली, पण कागद बदलला नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. निकाल मुळात धनदांडग्यांनी बळकावलेल्या गावतळ्याविषयीचा होता. आणि भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर पट्टे दिले असतील, तर त्यांना अपवाद करता येईल, असेही त्यात नमूद आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या. म्हणजे तीस-चाळीस वर्षे जमीन कसणारा माणूस कायद्याच्या भाषेत अतिक्रमकच राहिला आणि नेमक्या याच काळात त्या जमिनीला सौरप्रकल्पाच्या रूपाने नवा धनी भेटला. गोष्टी या क्रमाने घडल्या आहेत. त्यामागे कोणाचा डाव शोधण्याची आवश्यकता नाही, परिणाम पुरेसा बोलका आहे.

शेजारच्या राज्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. कर्नाटकातील तुमकूरू जिल्ह्यात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. तेथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली, एकरी वार्षिक २१,००० रुपये आणि ठराविक काळाने वाढ. देशभर या पद्धतीची प्रशंसा झाली व ती रास्तही होती, कारण शेतकऱ्याची मालकी शाबूत राहिली. पण त्या दुष्काळी मुलखात भुईमुगाच्या काढणीवर, निंदणी-खुरपणीवर जगणाऱ्या भूमिहीन मजुरांना, ज्यांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने होती, त्या भाड्यातले काही मिळाले नाही आणि शेतीतील रोजगार तेवढा गेला. पॅनेल धुणे, गवत कापणे आणि रात्रीची राखण एवढीच कामे उरली. सौरप्रकल्प उभारताना शेकडो हात लागतात, उभारून झाल्यावर मोजकेच. हे त्या तंत्राचे अंगभूत लक्षण आहे. म्हणूनच 'स्थानिकांना रोजगार मिळेल' या वाक्यापुढे 'किती जणांना आणि किती वर्षे' असे विचारावयास हवे.

आपल्या राज्यातील आणखी एक विसंगती आम्हांस फार बोचते. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. तिच्या अटींनुसार लाभार्थ्याने जमीन स्वतः कसावयाची असते. ती विकता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. हेतू शुद्ध आहे, जमीन पुन्हा धनिकाच्या घशात जाऊ नये. पण आज त्याचा अर्थ असा होतो की, शेजारचा बागायतदार आपली मुरमाड चार एकर सौरप्रकल्पाला देऊन वर्षाला दोन लाख घेऊ शकतो आणि त्याच बांधापलीकडची विधवा बाई, जिला शासनानेच चार एकर कोरडवाहू जमीन दिली, ती मात्र हे करू शकत नाही. विक्रीवरील बंदी कायम ठेवून शासकीय सौर योजनेपुरता भाडेपट्ट्याला अपवाद करणे एका शासननिर्णयाचे काम आहे. शिवाय या योजनेखाली खरेदी करावयाची जमीन उपकेंद्राजवळ मिळाली, तर भूमिहीनाला जमिनीबरोबरच पंचवीस वर्षांचे खात्रीचे उत्पन्न मिळेल. दोन खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची गरज आहे, एवढेच.

राज्याला सामाजिक न्यायाची जाणीवच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरावयाचे, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, असा भेद ठेवला आहे. चांगले आहे. परंतु पंपासाठी विहीर हवी आणि विहिरीसाठी जमीन.

आता १९४४ च्या त्या उपकराकडे वळू. एक मेगावॉटचा सौरप्रकल्प आपल्या हवामानात वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. प्रत्येक युनिटमागे केवळ पाच पैसे भूमिहीनांच्या निधीसाठी बाजूला काढले, तर मेगावॉटमागे वर्षाला ७५ हजार रुपये होतात. १६,००० मेगावॉटचे लक्ष्य पूर्ण झाल्यावर हीच रक्कम वर्षाला १२० कोटी होईल. तीन रुपयांच्या विजेत पाच पैसे कोणाला जड जाणार नाहीत. हा निधी ग्रामपंचायतीच्या सर्वसाधारण खात्यात न जाता, गावातील भूमिहीन कुटुंबांच्या यादीनुसार त्यांच्याच संस्थेकडे, शक्यतो महिला बचत गटांच्या संघाकडे, जावा. याहून पुढची पायरी म्हणजे त्या संघालाच प्रकल्पात भागीदार करणे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतीची मालकी राज्याची आणि कसणूक सामुदायिक असावी, असे मांडले होते. त्या विचाराला आज गायरानावरील सूर्यप्रकाशात एक छोटे, व्यवहार्य रूप देता येईल, असे आमचे मत आहे.

साखळीचे दूरचे दुवे

जमिनीवर आम्ही अधिक रेंगाळलो, कारण तेथे आपला हात पोहोचतो. पण साखळी गायरानात सुरू होत नाही. पॅनेलची काच सिलिका वाळूपासून होते. सिलिका दळताना, चाळताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो; त्याला औषध नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूचे उत्खनन चालते. चौकटीचे ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून मिळते. ओडिशातील नियमगिरी डोंगरातील बॉक्साइट काढावे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवले, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि उत्खनन थांबले. ग्रामसभेचा ठराव ही रिकामी औपचारिकता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

सिलिकॉनची गोष्ट अधिक दूरची आणि अधिक काळी आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सौर पॅनेल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. त्यातील पॉलिसिलिकॉनचा मोठा भाग शिनजियांग प्रांतातून येत असे आणि तेथे उइघूर लोकांकडून सक्तीने काम करवून घेतले जाते, असे गंभीर आरोप झाले. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा करून तशा मालाची आयात रोखली. वेठबिगारीचा अर्थ ज्या समाजाला पुस्तकाबाहेर कळतो, त्या समाजाने आपल्या छतावरील आणि गायरानावरील पॅनेलविषयी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. भारतात असा कायदा नाही. तरीही हजारो मेगावॉट खरेदी करणाऱ्या राज्याने निविदेतच मालाचा उगम आणि कामगारांची स्थिती जाहीर करण्याची अट घातली, तर पुरवठादार ती टाळू शकणार नाही. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून केंद्राने उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेतून मोठा निधी दिला, हे ठीक झाले. पण देशी कारखाना म्हणजे न्याय्य कारखाना, असे समीकरण कोणी मांडू नये. विदर्भ-मराठवाड्यात सवलतीच्या जमिनीवर आणि सवलतीच्या विजेवर जे उद्योग येतील, त्यांच्या कंत्राटी कामगारांना कायम कामगारांच्या तोडीचे वेतन, सुरक्षा आणि आरक्षित घटकांना प्रशिक्षण मिळावे, ही अट सवलतीच्याच कागदावर हवी.

राज्य सरकारांना हे जमते काय? जमते. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्त मजुरांच्या तपासणी, प्रमाणपत्र आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र धोरण केले. झारखंडने २०२२ मध्ये कोळशापासून दूर जाताना कामगारांचे काय करावयाचे, याच्या विचारासाठी कृतीगट नेमला. दूर अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये केलेल्या स्वच्छ ऊर्जा कायद्यात प्रकल्पांवर प्रचलित दराने वेतन बंधनकारक केले आणि वंचित वस्त्यांतील कामगारांचा वाटा १० टक्क्यांपासून २०३० पर्यंत ३० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. महाराष्ट्रात चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राचे पहिले दोन संच बंद झाले असून आजची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. उरलेले जुने संचही कधी ना कधी थांबतील. कायम कर्मचाऱ्याची बदली होते. राखेच्या टिपरवर आणि कोळशाच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या कंत्राटी मजुराची होत नाही. त्याच्यासाठी आजच तरतूद करावी, अशी मागणी कामगार संघटनांबरोबर आपणही लावून धरली पाहिजे.

साखळीच्या शेवटच्या टोकाविषयी थोडक्यात. आपल्या वसतिगृहावरील सौर बंबाची फुटलेली नळी भंगारवाला घेऊन जातो, तशीच उद्या लाखो पॅनेले जाणार आहेत. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश झाला असून उत्पादकांनी तो कचरा सांभाळून ठेवण्याची जबाबदारी त्यांत आहे; त्याच वर्षी बॅटरी कचऱ्याचेही नियम आले. नियमांत उत्पादक आहे, नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता आहे. कचरावेचक बाई नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत आणि शहराच्या कचरा व्यवस्थेत त्यांनी ओळखपत्रासह स्थान मिळवले. शिसे आणि कॅडमियम असलेला हा नवा कचरा त्यांच्या हाती उघड्याने पडू नये, आणि त्यातील तांबे-चांदीचे मोल मात्र त्यांना मिळावे, याची सोय राज्याने पुनर्चक्रण उद्योगाला परवाने देतानाच करावी.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगून आम्ही थांबतो. प्रकल्प उभारणीवर काम करणारा मजूर हा बांधकाम कामगार आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून मागून घ्यावे आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. मुलांची शिष्यवृत्तीही त्या नोंदणीवर अवलंबून असते. आयटीआयमधून वीजतंत्री झालेल्या मुलामुलींनी सौर देखभालीचे सूर्यमित्र प्रशिक्षण घ्यावे; उरणाऱ्या मोजक्या कायम नोकऱ्या त्यांनाच मिळण्याजोग्या आहेत.

आणि गायरानाचा विषय ग्रामसभेत येणार असेल, तर आधी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची प्रत घ्यावी. अतिक्रमणांची नोंदवही ती हीच. त्यात आपल्या वडिलांचे किंवा आजोबांचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि वर्ष आहे की नाही, ते पाहावे. नाव नसेल, तर पूर्वी भरलेल्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी, तहसीलला दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या एकत्र कराव्यात. गायरानाची मालकी शासनाची आणि वाटपाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असला, तरी ग्रामसभेत नोंदवलेली लेखी हरकत अभिलेखात राहते आणि पुढे न्यायालयात तीच पाहिली जाते. १९९० पूर्वीची एखादी दंडाची पावती कोणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत असेल, तर तिचे फोटो काढून ठेवावेत आणि मूळ पावती कोणाच्याही स्वाधीन करू नये.